दत्तप्रसाद भावजींची कच्ची पाटी

अर्धी वाट सरली, शारजातला रोल्ला चौक अजून लांब होता, तरी दत्तप्रसाद टॅक्सीला हात करीनात. म्हणाले, पंधरा दिरहम, म्हणजे साडेतीनशे रुपये.

"भावजी, परवा विमानात तरी बसाल ना?" सुमेधा म्हणाली. "की पेणपर्यंत चालतच?"

ते कसेबसे हसले. पाय ओढतच चालले होते.

दत्तप्रसाद पेणचे, गणपती घडवणाऱ्यांच्या घरातले. चोवीस वर्षं शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात त्यांनी फायबरच्या टाक्यांचे साचे केले. सुमेधाचे यजमान उपेंद्र त्याच वर्कशॉपात सुपरवायझर. गेल्या वर्षी एका संग्रहालयानं, मुलांना हाताळायला म्हणून, प्राचीन बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांच्या नकला मागवल्या. ते काम मालकानं दत्तप्रसादांनाच दिलं. कायमचं गावी जायच्या आधी वहिनींना त्या दाखवायच्या होत्या, म्हणून आज ते तिला संग्रहालयात घेऊन गेले होते. उपेंद्रची हमरिया बंदरावर ड्यूटी होती.

पाट्यांवर देवाधर्माचं काही नव्हतं. कुठल्या मजुराला किती जव दिले, एवढंच. उभी खूण म्हणजे एक, तिरपी म्हणजे दहा, हे त्यांनी तिला बोट ठेवून शिकवलं. हिशेब मिटला की पाटी भिजवायची, त्याच मातीची नवी करायची, हेही सांगितलं.

एका दुकानाच्या सावलीत ते टेकले. पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक पाटी काढली. भाजलेली नव्हती, कच्चीच. तिच्यावर अकरा ओळी. लग्न झाल्यावर गिरिजाला पेणला ठेवून लगेच इकडे आले, त्यानंतर अकरा वेळा गावी गेले. एकेका ओळीत एकेका रजेचे दिवस, पासपोर्टावरचे शिक्के बघून त्याच उभ्या-तिरप्या खुणांनी कोरलेले.

"तीनशे शहाण्णव, वहिनी. चोवीस वर्षांत गिरिजाला एवढेच दिले."

देवा, असा हिशेब कुणाच्या हातून करवू नकोस, एवढंच सुमेधा मनात म्हणाली.

पाटी घरी नेली तर गिरिजा विचारणार, हे काय कोरलंय. सांगायची त्यांची छाती नव्हती. आणि स्वतः भिजवावी, तर त्यांच्या घरचा नियम आडवा येत होता. घडवणाऱ्यानं बुडवायचं नाही.

त्यांनी पाटी तिच्या ओंजळीत ठेवली.

"तुमच्या तुळशीत विरघळवून टाका. पण त्याआधी एकदा मोजा, वहिनी. माझी बेरीज कुठं कमी भरली असेल, तर तेवढं मला कळवा."