नर्मदेतली तीन बेटं

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. सगळी नोकरी जमीन मोजण्यात काढली. मोजणीच्या साखळीत मावत नाही ते नाहीच, असं मानायचो. तरी हे लिहितोय... कारण ते माझ्याच बाबतीत घडलं.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. धडगावच्या पलीकडे, सातपुडा जिथं नर्मदेत उतरतो, तिथं पात्रात तीन खडकाळ बेटं होती. माणूसवस्ती नाही, शेळ्याही कुणी नेत नसे. पावसाळ्याआधी ती मोजून नकाशावर घ्यायची होती. होडीवाला दित्या पावरा तिथलाच. मला त्यांची पावरी बोली येत नव्हती. त्याला आणि त्याच्या बायकोला, रुमलीला, बाजारापुरती अहिराणी यायची.

सकाळी मधल्या बेटावर खुंट्या ठोकल्या. दुपारी दित्या पाण्याकडे बघून म्हणाला, "साहेब, पानी गढूळ व्हयनं. वर मोठा पाऊस पडना. बेट बुडी जाई. चाला!"

निघालो. काठ हाकेच्या अंतरावर — रुमली तिथं उभी दिसत होती. वल्हवलं, वल्हवलं... होडी वाळूला लागली. उतरलो तर समोर माझ्याच खुंट्या!

"भोवऱ्यानं फिरवलं असेल," मी म्हणालो. पुन्हा निघालो. पुन्हा खुंट्या. तिसऱ्यांदा मीही वल्हं धरलं, रुमलीवरून नजर हलवली नाही. तरी तेच. आता पाणी पहिल्या खुंटीला टेकलं होतं.

दित्या रडायला लागला. "साहेब, हाई बेट आपले जाऊ दी नही ऱ्हायनं..."



एवढ्यात कुणीतरी माझा दंड गच्च धरला. रुमली! पोहत आलेली, चिंब भिजलेली. तिनं दित्याला एक थोबाडीत दिली आणि माझ्यावर ओरडली, "कवयनी हाका मारी ऱ्हायनू! दगडवर बशी काय ऱ्हायनात?"

"बसलो? अगं, तीनदा होडी काढली आम्ही!"

"होडी ते सकायपाइन बांधेलच शे."

खरंच, आम्ही दोघं दगडावर बसलेलो होतो. होडी खाली खडकाला बांधलेली, दोर ताणलेला. तिनंच दोर सोडला, तिनंच आम्हाला काठाला नेलं. तिनं उचललं तेव्हा वल्हं कोरडं ठणठणीत होतं. मागं वळून पाहिलं तर तिन्ही बेटं पाण्याखाली.

ऊन लागलं म्हणावं, तर दोघांना एकच भास कसा? आणि माझ्याच नव्हे, जन्मभर वल्हं मारलेल्या दित्याच्याही तळहातांवर फोड आले होते — ते कशानं?

मला अजून कळलेलं नाही. दित्या होता तोवर बाजारात भेटला की तळहात उघडून दाखवायचा. मीही माझा दाखवायचो.