संक्रांतीला मी गोड बोलले

माझी जीभ फटकळ आहे हे आमच्या घरात सगळ्यांनी कधीच मान्य करून टाकलं होतं. कोणाच्या लग्नाला निघालो की आई आधीच दम भरायची, ‘शुभ बोल नाऱ्या’ ऐकलंयस ना, मग मुकाट जेव आणि ये. सिंगापूरला आले तरी जित्याची खोड ती, जाणार कुठे? सेरंगूनला आमच्याच इमारतीत राहणारी माझी मैत्रीण मात्र या जिभेवर खूश असायची. ती पुण्यातल्या एका शाळेत कायम नोकरीत होती आणि नवऱ्याची बदली झाली म्हणून बिनपगारी रजा टाकून इथे आली होती. साडी कशी दिसते इथपासून लेकीला कुठल्या शाळेत घालू इथपर्यंत सगळं ती मला विचारायची. तू उगाच बरं वाटावं म्हणून बोलत नाहीस, म्हणायची.

मी तेव्हा रॅफल्स प्लेसला एका छोट्या सल्लागार कंपनीत होते. २०१५च्या आसपासची गोष्ट. कुठल्याही प्रकल्पाला कर्ज देण्याआधी इथल्या बँका आमच्याकडून पर्यावरणाची तपासणी करून घ्यायच्या. त्या वर्षी माझ्याकडे कॅनडातलं एक काम आलं. तिथल्या गवताळ माळावर वन्यजीवांसाठी राखून ठेवलेलं रान होतं आणि त्यात एका कंपनीला गॅससाठी आणखी विहिरी खणायच्या होत्या. कंपनीचं म्हणणं साधं होतं. विहीर खणली, पाइप पुरला की वर गवत पुन्हा उगवतं, मागे काही उरत नाही.

ते गवत मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. एसीच्या गारठ्यात खांद्यावर शाल घेऊन मी उपग्रहाची जुनी आणि नवी चित्रं शेजारी शेजारी लावून बघत बसायचे. कधीकाळी खणलेल्या विहिरींच्या वाटा माळावर तशाच दिसत होत्या, पोटावरच्या टाक्यांसारख्या. त्या वाटांवर बाहेरून आलेलं भलतंच गवत माजलं होतं आणि जमिनीवर घरटं करणारे पक्षी तिथे फिरकत नव्हते. बिळात राहणारं एक वीतभर उंचीचं घुबड आहे तिथलं, डोळे वटारून बघणारं. त्याच्यावर तर माझा जीवच जडला. या नव्या विहिरींना पैसा देऊ नये, असं मी अहवालात लिहिलं.

आणि मग एका रविवारी आम्ही दोन्ही कुटुंबं ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी गेलो होतो. मुलं सायकली घेऊन पळाली आणि मैत्रिणीचा नवरा साते, म्हणजे काडीला लावून भाजलेलं चिकन, खाता खाता ऑफिसची रड सांगायला लागला. कॅनडातला प्रकल्प बँकेत अडकलाय, तो सुटला तर इथे मुक्काम, नाहीतर चंबूगबाळं आवरा. त्याने जागेचं नाव घेतलं, ते माझ्याच अहवालातलं होतं, आणि मी हातातली काडी ताटलीत ठेवून दिली. तो कुठल्यातरी तेल कंपनीत आहे एवढंच तोवर मला ठाऊक होतं.

सोमवारी मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी अहवाल दुसऱ्या माणसाकडून ओळ न् ओळ तपासून घेतला. निष्कर्ष तोच आला. बाहेर अवाक्षर काढायचं नाही, एवढं मात्र त्यांनी बजावलं. त्या अहवालाबद्दल मला आजही काही वाटत नाही. आज लिहायला बसले तरी तेच लिहीन.

संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्याकडे होतं. काळ्या साड्या, वाणाला मॉलमधले प्लास्टिकचे डबे, आणि इथल्या दमट हवेने मऊ पडलेला तिळगूळ. हातावर लाडू ठेवताना तिने सगळ्यांदेखत मला चिडवलं, बाई गं, वर्षातून आजचा एक दिवस तरी गोड बोल. सगळ्या हसल्या, मीही हसले. बायका गेल्यावर मी पेले उचलायला थांबले, तर ती दार लावून माझ्यासमोर येऊन बसली.

“शाळा म्हणते रुजू व्हा, नाहीतर राजीनामा द्या. ह्यांचं काम होईल ना गं? तुझ्या लाइनीत काहीतरी कानावर येत असेल.”

अहवाल त्याच आठवड्यात बँकेकडे जायचा होता. मला सगळं माहीत होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, कपाळावर मीच लावलेलं कुंकू होतं, आणि मला वाईट बोलवेना.

“होईल गं सगळं छान,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा पाठवला. मला लिफ्टमध्ये भेटून सांगितलं, आणि बरोबरची तिची लेक इथल्या मुलांच्या सिंगापुरी ढंगात आनंदाने म्हणाली, “वी आर स्टेइंग, लाह!” अजूनही मला तोंड उघडता आलं असतं. मी माझ्या मजल्यावर उतरले.

बँकेने नाही म्हटलं, कंपनीने सिंगापूरचं ऑफिस गुंडाळलं, आणि महिनाभरात त्यांना निघावं लागलं. शाळेतल्या तिच्या जागेवर तोवर दुसऱ्या बाई रुजू झाल्या होत्या. मी सामान बांधायला गेले. कढया वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता तिने मान वर न करता विचारलं, तो अहवाल तुमच्याच ऑफिसातून गेला ना? नवऱ्याकडून तिला कळलं होतं. मी हो म्हटलं. संक्रांतीला तुला माहीत होतं? त्यालाही हो म्हटलं, आणि घाईघाईने पुढे जोडलं की सांगायची बंदी होती, माझी नोकरी गेली असती.

“सांगायला नकोच होतं,” ती म्हणाली. “नुसती गप्प बसली असतीस तरी मला कळलं असतं. तू कधी गप्प बसतेस का?”

मग तिने चिकटपट्टी माझ्या हातात दिली, आणि आम्ही तो खोका बंद केला.

पुण्यात ती आता घरी शिकवण्या घेते. दर संक्रांतीला न चुकता तिचा मेसेज येतो. त्यात ‘तिळगूळ घे’ एवढंच असतं.