चित्रातली ओरडणारी बाई

ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं मुलीच्या शाळेच्या पुस्तकात. लढाई हरलेला कुठलासा इंग्रज राजा वेष पालटून गुराख्याच्या झोपडीत लपलाय. घरातल्या बाईने त्याला चुलीवरच्या भाकऱ्यांकडे बघायला सांगितलं, हा बसला आपल्या राज्याचा विचार करत, आणि भाकऱ्या जळाल्या. बाई त्याला झाप झाप झापतेय. चित्रातला सगळा उजेड मात्र राजाच्या तोंडावर.

"बाईचं नाव काय गं?" मी विचारलं.

"नोबडी नोज, मम्मा. शी इज जस्ट हिज वाइफ. द काउहर्ड्स."

माझं डोकंच फिरलं. कारण आमच्या शारजाच्या वन-बेडरूममध्येही नुकताच एक राजा राहून गेला होता.

राजा म्हणजे नवऱ्याचा धाकटा आतेभाऊ. दुबईत इंटिरियरची मोठी कंपनी, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतली खुर्ची. पार्टनरने दगा दिला, कंपनी खलास झाली. बायको-मुलांना पुण्याला धाडून भावोजी एक बॅग घेऊन आमच्या हॉलमध्ये आले. "वहिनी, मंडळातल्या कुणाला कळता कामा नये." नाही कळू दिलं. पाच महिने! बेल वाजली की हा माणूस बाथरूममध्ये जाऊन कडी लावायचा. आणि एवढं होऊन, चहात साखर जास्त झाली तर मला सांगायचा, बरं का.

त्या गणपतीत मंडळाने नैवेद्याचे एकशे एक मोदक पहिल्यांदाच मला सांगितले. काय आनंद झाला होता मला! बारा वर्षं इथे मी नुसती अमक्याची बायको होते. पहिले पन्नास झाले, उरलेले मोठ्या मोदकपात्रात चढवले, तेवढ्यात मुलीच्या स्कूल बसची वेळ झाली. आमच्या रत्नागिरीकडे पात्रातल्या पाण्यात एक नाणं टाकतात. पाणी असेपर्यंत ते खडखडत राहतं, आवाज थांबला की पाणी आटलं. मी दिरहॅमचं नाणं टाकलं होतं. भावोजींना म्हटलं, "खडखड थांबली की पाणी घाला, बाकी काही करू नका."

लिफ्ट बंद होती. मुलीला घेऊन जिने चढत होते तर तिसऱ्या मजल्यावरच करपल्याचा वास. वर भावोजी बेडरूममध्ये दार लावून फोनवर. हळदीची पानं कोळसा झालेली, मोदक पिवळे पडलेले, घरभर धूर.

"कान फुटलेत का तुमचे?" मी ओरडले. "बसून खाता, एक नाणं ऐकता येईना?"

तेवढ्यात ऑफिसातून आलेल्या नवऱ्याने मला बाजूला ओढलं. "अगं, कोणाशी बोलतेयस! उद्या परत उभा राहील तो."

भावोजी खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, माझे दिवस फिरू देत. मंडळात सगळ्यांसमोर मीच सांगेन, चूक माझी होती."

आरतीला अर्धेच मोदक गेले. मंडळाला काय सांगणार? घरात हा लपलाय, असं सांगायची सोय नव्हती. म्हटलं, मीच पाणी घालायला विसरले. अध्यक्षबाई फोनवर गोड आवाजात म्हणाल्या, "होतं हो. मोठ्या ऑर्डरची सवय लागते." पुढच्या वर्षीपासून मोदक दुसरीकडून. मी गप्प राहिले. त्याने शब्द दिला होता ना!

आणि दिवस फिरले. गेल्या महिन्यात दुबईत नव्या ऑफिसचं उद्घाटन होतं. भावोजींचा फोन आला, "वहिनी, मोदक तुमच्याच हातचे हवेत." मूर्ख मी, हुरळले. मंडळ सगळं येणार होतं. मला वाटलं, आज बोलणार हा. पहाटे उठून एकावन्न मोदक केले.

रिसेप्शनच्या भिंतीवर तेच चित्र! हे एवढं मोठं, सोनेरी फ्रेममध्ये. भावोजींनी माईक घेतला.

"मीही असाच लपलो होतो एका घरी. घरातल्या बाईने मोदक चढवले आणि गेली खाली गप्पा मारायला. जळाले! वर शिव्या मला." लोक हसले. "मग कुणीतरी तिला सांगितलं, मी कोण ते. हात जोडून रडली बिचारी."

टाळ्या पडल्या. अध्यक्षबाईंनी वाजवल्या, माझ्या नवऱ्यानेही वाजवल्या. मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "मम्मा, दॅट्स नॉट व्हॉट हॅपन्ड."

मी मोदकांच्या डब्याला झाकण लावलं.

"अगं, वाढ ना," नवरा म्हणाला.

"जळलेत," मी म्हटलं. मोठ्याने. माईकवाल्यालाही ऐकू जाईल इतक्या. भावोजी माझ्याकडे बघायला लागले आणि मी डबा उचलून लिफ्टकडे चालू पडले.

परतताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकलो. मुलीने डबा उघडून एक खाल्ला. "दे आर परफेक्ट, मम्मा."

"माहितीये मला," म्हटलं, आणि तिला दुसरा दिला. नवऱ्याने स्टिअरिंगवरचा एक हात मोदकासाठी मागे केला, तेव्हा झाकण लावून टाकलं.