मेलेल्या कंपनीचा दावा

वकिलीचं ते माझं दुसरं वर्ष. चांद्याच्या बाररूममधला शेवटच्या बाकाचा कोपरा माझा, आणि तिथं बसून दुसऱ्यांच्या खटल्यांच्या गोष्टी ऐकणं हे माझं मुख्य काम. चांद्याचे आजचे दोन जिल्हे तेव्हा एकच होते. आम्ही मध्य प्रदेशात होतो आणि हायकोर्ट नागपूरला होतं. मी नागपूरहून सनद घेऊन आलो होतो खरा, पण पक्षकार जुन्या वकिलांकडे जात. जुन्यांना ज्यात रस वाटत नसे ते माझ्याकडे येई.

अशीच एक बाई आली. कुरखेड्याच्याही पुढच्या गावची, पन्नाशीची, उंच, दंडात चांदीची वाकी. मी खुर्ची दिली तर तिनं त्यावर आपलं गाठोडं ठेवलं आणि स्वतः उभी राहिली.

"वकीलसाहेब, आमाले आमचं इंजिन वापस पाह्यजे. ठेकेदार देऊन नाई राह्यला."

बाईचा नवरा तरुणपणी नागपूरच्या कापड गिरणीत होता. गावी परतल्यावर त्यानं आणखी सहा शेतकऱ्यांना एकत्र करून ऑइल इंजिन आणि धान भरडायचं मशीन आणलं. नागपुरात त्याला कोणीतरी सांगितलं होतं की भागीदारीत भांडणं होतात, कंपनी काढा. म्हणून त्यानं रीतसर कंपनी काढली, लिमिटेड. गावातल्या बायांच्या हातचं मुसळ सुटलं. मग एका उन्हाळ्यात वडशाच्या लाकूडवाल्या ठेकेदारानं आपला आरा चालवायला ते इंजिन मागून नेलं. स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, पावसाळ्याआधी परत आणतो. त्याच पावसाळ्यात बाईचा नवरा तापानं गेला. इंजिन काही आलं नाही, आणि बायांच्या हाती पुन्हा मुसळ आलं. नवऱ्याचा हिस्सा बाईच्या नावावर झाला होता, आणि बाकीच्या सहा जणांनी तिलाच पुढं केलं, कारण ठेकेदारासमोर त्यांची जीभ वळत नव्हती.

माझा हा पहिलाच कंपनीचा दावा. स्टॅम्पपेपर बघून मी खूश झालो आणि वादी म्हणून कंपनीचं लांबलचक नाव घालून दावा लावून टाकला.

तारखेच्या दिवशी शिपायानं दारात उभं राहून कंपनीच्या नावाचा पुकारा केला, शेवटी "हाजिर हो!" लावून. बाई व्हरांड्यातून "हाओ जी!" म्हणत थेट आत आली आणि जज्जसाहेबांपुढं उभी राहिली. लोक हसले. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

ठेकेदाराचे वकील जिल्ह्यातले नावाजलेले, वयानं माझ्या दुप्पट. ते सावकाश उठले आणि एकच कागद पुढं केला. नागपूरच्या कंपनी रजिस्ट्रारच्या कचेरीतला दाखला होता तो. कंपनीचं नाव वर्षापूर्वीच नोंदवहीतून काढून टाकलेलं होतं.

"साहेब, वादी हयात नाही," ते म्हणाले. "मेल्यानंतर दावा कसा लावतात, ते माझ्या विद्वान मित्रानं आम्हाला शिकवावं."

माझे कान तापले. कंपनी नोंदलेली आहे की नाही हे बघायचं मला सुचलंही नव्हतं. साहेबांनी विचारलं, "काय म्हणणं आहे?" मी मुदत मागितली. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, बहुधा दया आली असावी, आणि तीन महिने दिले.

बाहेर आल्यावर बाईनं विचारलं, "कोन मेलं?"

"तुमची कंपनी."

"बाप्पा! कव्हा? आमाले त कोनी सांगतलं नाई."

मी समजावलं की कंपनीनं दरवर्षी नागपूरला कागद पाठवावे लागतात. नाही पाठवले तर तिथून पत्रं येतात, आणि पत्रांना उत्तर दिलं नाही तर कंपनी बंद पडली असं धरून नाव खोडतात.

"पत्रं आली नव्हती का?"

"आले ना जी. लय आले. एकबी हरवू नाई देल्लं," बाई अभिमानानं म्हणाली.

ते ऐकून मी ठरवलं की आता गावीच जायचं. चांदा फोर्ट स्टेशनावरून छोट्या रुळांची आगगाडी धरली, वडशाला उतरलो, आणि तिथून पुढं बैलगाडी. मोहाची फुलं पडायचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडांखाली बाया वाकून टोपल्या भरत होत्या. गाडीवाल्यानं एक मूठ फुलं माझ्याही हातावर ठेवली आणि मी ती खात खात गावात शिरलो.

गिरणीच्या टिनाच्या शेडमध्ये इंजिनाचा सिमेंटचा ओटा तेवढा उरला होता. त्यावर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. सगळे भागधारक जमले. त्यांत एक गोंड म्हातारा होता, तो सगळ्यांत कमी बोलायचा आणि बाकीचे सगळ्यांत जास्त त्याचंच ऐकायचे. बाईनं घरातून टिनाची पेटी आणून माझ्यापुढं ठेवली. झाकण उघडलं आणि मी बघतच राहिलो.

सरकारी पाकिटं एकावर एक नीट रचलेली होती. एकही फोडलेलं नव्हतं. प्रत्येकावर हळदकुंकू वाहिलेलं, आणि मधून मधून वाळलेली आपट्याची पानं.

"दसऱ्याले पेटीची पूजा करतो," बाई म्हणाली. "सरकारचा शिक्का हाय, मंग फोडावं कसं? अन् फोडून करतो काय? इंग्रजी गावात कोनाले येते?"

मी पाकिटं फोडली. शेवटच्या नोटिशीत लिहिलं होतं की महिनाभरात कळवलं नाही तर तुमचं नाव काढण्यात येईल. मी ते मराठीत सांगितलं. मग गोंड म्हातारा म्हणाला, "आमी त्याले नारळ बी फोडला होता." आणि पहिल्यांदा बाईच हसली. मग सगळेच हसायला लागले, मीही.

पेटीच्या तळाशी एक वही होती. बाईच्या नवऱ्यानं सांगून ठेवलं होतं की कंपनीची वर्षातून एक सभा कायद्यानं व्हावीच लागते. तो गेल्यावरही त्यांनी ती सोडली नव्हती. दर दसऱ्याला पूजा झाली की सभा. शाळेतले गुरुजी लिहून घेत आणि खाली सातही अंगठे. "इंजिन अजून आले नाही. आणावयाचे ठरले." पुढच्या वर्षी, "पट्टा उंदराने खाल्ला. नवीन आणला. इंजिन आणावयाचे ठरले." त्याच्या पुढच्या वर्षी, "शेडवरील दोन टिना वाऱ्याने उडाल्या, बसविल्या. इंजिन आणावयाचे ठरले."

ती वही मी छातीशी धरली. कायदा एवढंच विचारत होता की नाव काढलं तेव्हा कंपनी चालू होती का. इथं तर ती इंजिनाशिवाय चालू होती!

खोडलेल्या कंपनीला स्वतः अर्ज करण्यापेक्षा भागधारकानं केलेला बरा, म्हणून बाईच्या नावानं नागपूरच्या हायकोर्टात अर्ज केला. सुनावणीला ती माझ्याबरोबर आली. मी हायकोर्टात पहिल्यांदाच उभा राहत होतो, आणि घाबरलो होतो. बाई घाबरली नव्हती. तिनं एवढे उंच खांब कधी पाहिले नव्हते. मान वर करून एकेक खांब निरखत ती चालली होती आणि मी घाम पुसत होतो.

न्यायमूर्तींनी वहीचं भाषांतर शांतपणे वाचलं. मग नोटिशीचं मूळ पाकीट हातात घेतलं आणि आपल्या बोटांकडे बघितलं. बोटं लाल झाली होती.

"हे काय आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी सांगितलं. दसरा, पेटी, नारळ, सगळंच सांगून टाकलं. माझं इंग्रजी अडखळत होतं, पण न्यायमूर्ती पुढं झुकून ऐकत होते. मग त्यांनी बाईकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, "बाई, तुमची कंपनी बंद पडली होती का?"

"थ्यानं इंजिन नेलं, त इंजिन बंद पडलं जी," बाई म्हणाली. "कंपनी काऊन बंद पडंल? आमी सातही जन हाओ ना."

न्यायमूर्तींनी रजिस्ट्रारच्या वकिलांकडे पाहिलं. राहिलेले सगळे कागद भरून दिले तर आपली हरकत नाही, असं ते म्हणाले. नाव पुन्हा नोंदवावं आणि ते कधी काढलंच नव्हतं असं समजावं, असा हुकूम झाला.

बाहेर पायऱ्यांवर मी बाईला सांगितलं, "कायद्यानं तुमची कंपनी कधी मेलीच नव्हती."

"मी थेच त सांगून राह्यली होती," ती म्हणाली, आणि गाठोड्यातली भाकर काढून अर्धी मला दिली.

चांद्याला पुढच्या तारखेला मी हुकमाची नक्कल दाखल केली. ठेकेदाराच्या वकिलांनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि आपल्या पक्षकाराला बाहेर घेऊन गेले. स्टॅम्पपेपरवर सही होतीच. आता भांडायला काही उरलं नव्हतं. अर्ध्या तासानं ते परत आले आणि इंजिन परत देतो असं लिहून दिलं.

त्या दुपारी त्यांनी मला चहाला बोलावलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"तो दाखला मी मागवला नसता," बशीत चहा ओतत ते म्हणाले, "तर तुम्ही हायकोर्टात कधी उभे राहिला असता?"

मी म्हटलं, "दहा वर्षं तरी नाही."

"मग चहाचे पैसे तुम्हीच द्या," ते म्हणाले. मी आनंदानं दिले.

इंजिन गावी पोचलं तेव्हा बाईनं निरोप धाडला आणि मी गेलो. इंजिनात भुसा भरला होता. वडशाच्या मिस्त्रीला ते साफ करायला सकाळपासून दुपार झाली. मग गावातल्या दोघांनी मिळून हँडल फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा इंजिन खोकलं, काळा धूर सोडला, आणि धडधडायला लागलं. पट्टा फिरला. गावातल्या बाया धानाच्या टोपल्या घेऊन रांगेत उभ्याच होत्या. सगळ्यांत पुढं कोणाची टोपली यावरून दोघींचं भांडण लागलं, आणि बाई ते सोडवायला कमरेला पदर खोचून मध्ये पडली. माझ्याकडे बघायला तिला वेळ नव्हता. मी दारातल्या पोत्यावर बसलो, अंगावर कोंडा उडू दिला, आणि त्या आवाजात इतका रमलो की वडशाची गाडी चुकली.