दुसऱ्या आग्रहाची वाट

बेळगावात आमच्या टिळकवाडीच्या कोपऱ्यावर नवं हॉटेल झालंय. भिंतींच्या विटा उघड्याच ठेवलेल्या, आणि दिवे इतके मंद की आत जेवण चाललंय की मौनव्रत, काही कळू नये. शनिवारी संध्याकाळी तिथल्या लोण्यात परतलेल्या लसणाचा वास रस्ता ओलांडून माझ्या गॅलरीत येतो, आणि मी विणकाम मांडीवर टाकून थेट शिकागोला जाऊन बसते. व्हिसा लागत नाही.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. हे गेले, त्यानंतरच्या उन्हाळ्यात मुलानं मला सहा महिन्यांसाठी तिकडं नेलं. मी नुकती साठी ओलांडलेली; खानापूरच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेली, म्हणजे जग आपल्याला पाठ आहे अशा घमेंडीतली. काय ध्यान दिसत असेन! इरकल साडी, वर मुलाचा चेनवाला स्वेटर, पायात पांढरे बूट, आणि चेहऱ्यावर शाळा तपासायला आलेल्या साहेबाचा भाव.

तिकडं दर शनिवारी बाहेर जेवायचं. दारात नाव सांगून फुटपाथवर ताटकळायचं. एवढी चांगल्या कपड्यांतली माणसं पानावर बसायला मिळावं म्हणून हसत हसत तिष्ठत उभी राहतात, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. आत काळोख, कोपऱ्यात कुणीतरी ट्रंपेट वाजवणारा, आणि त्या गलक्यात मुलगा समोरून काही बोलायचा तेव्हा ऐकू न येताच मी मान डोलवायची. बाहेर नदीच्या काठानं मांडलेल्या टेबलांवर माणसंच माणसं. सगळं शहर जणू एकाच लग्नाला लोटलेलं. मी तेवढी वधूकडची की वराकडची, हे मलाच ठाऊक नव्हतं.

एकदा वाढणाऱ्या बाईनं विचारलं, शेवटी गोड काही आणू का? शेजारच्या टेबलावरचा चॉकलेटचा केक मी मघापासून डोळ्यांनी खात होते. तरी म्हटलं, "नो, नो." बाई गोड हसली आणि गेली. मी वाट पाहत बसले. ती परत आली ती टेबल पुसायला.

सून निपाणीची, तिला बरोबर कळलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्ती, हितं एकदाच इचारत्यात बघा!"

त्याला मी काय करणार? माझं लहानपण जांबोटीचं. कुणाकडं जेवायला निघालो की आई उंबऱ्यात थांबवून बजावायची, "पयल्यांदा इचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा गप बसायचं. तिसऱ्यांदा वाटी पुढं करायची." त्यात शहाणपण होतं. भाताच्या गावातही कुणाच्या पातेल्यात किती भात उरलाय हे पाहुण्याला दिसत नसे. पहिल्या नकारानं घरच्या बाईची अब्रू राखली जायची, आणि तिच्या दुसऱ्या आग्रहानं आपली.

परतीच्या आधीच्या शनिवारी आम्ही एका गच्चीवरच्या हॉटेलात गेलो. खाली समुद्राएवढं तळं, त्याच्यावर उतरतं ऊन. मुलगा ताटलीकडं बघत म्हणाला, "आई, हितंच ऱ्हातीस काय? कागदपत्रांचं मी बघतो."

मला राहायचं होतं. बेळगावच्या घराचं कुलूप आपल्याच हातानं काढून आत एकटीनं पाऊल टाकणं नको वाटत होतं. तरी ती साठीची शहाणी काय म्हणाली असेल?

"नको रं. तिकडं घर हाय, समदं हाय. हितं माझं काय काम?"

दुसऱ्यांदा विचारल्यावर कसं गप्प बसायचं, तिसऱ्यांदा किती आढेवेढे घेऊन हो म्हणायचं, सगळं मी मनात जुळवून ठेवलं होतं. एवढा भूगोल शिकवला, पण रीत किती मैलांवर संपते हे माझ्या नकाशात नव्हतं.

"बरं. तुझी मर्जी," तो म्हणाला, आणि त्यानं सुनेपुढं पाव सरकवला.

तो ती रीत विसरला होता, असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले. अलीकडं वेगळाच किडा डोकं पोखरतो. तोही आमच्याच घरात वाढलेला. त्याचं ते विचारणंच रीतीचं असेल तर? माझ्या 'नको'नं त्याच्या पातेल्याची अब्रू राखली असेल तर?

तोंड उघडून तूच विचार की, असं तुम्ही म्हणाल. दर रविवारी त्याचा फोन येतो. तब्येत, पाणी, शेजारी, सगळं बोलून होतं, आणि शेवटी एक छोटीशी शांतता पडते. त्या शांततेत मी दोनदा तोंड उघडलंय. पण आपणहून पान मागणं काही या जिभेला जमत नाही. मग मीच म्हणते, "ठेव आता, तुला ऑफिस असंल." रविवारी कसलं ऑफिस! पण तोही "व्हय" म्हणतो.

आता मी पहिल्याच विचारण्याला हो म्हणते. परवा शेजारीण म्हणाली, "आक्का, जेवायला येतासा काय?" तिचं वाक्य संपायच्या आत माझ्या पायात चपला होत्या. ती बिचारी दचकलीच. तिला निदान एक 'नको' अपेक्षित असणार.

मुलाला मात्र ही सुधारणा कळायला वाव नाही. त्याच्या लेखी प्रश्न विचारून झालाय आणि उत्तर मिळालंय.