आबा विरुद्ध दादा

माझा थोरला भाऊ फौजेत होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो. त्या हिवाळ्यात तो रजेवर आला तो चकचकीत कप घेऊनच. पलटणीतल्या बॉक्सिंगमध्ये त्याच्या वजनी गटात तो पहिला आला होता. आईनं कप पदरानं पुसून देवळीत ठेवला. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तो पुन्हा खाली काढला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "चांगलाय. पर आमच्या टायमाचे चॅम्पियन लई येगळे हुते."

आबासुद्धा फौजेतलेच. इंग्रजांच्या काळात भरती झाले होते आणि दुसऱ्या महायुद्धात पार आफ्रिकेपर्यंत जाऊन आले होते. तेही बॉक्सिंग खेळायचे. त्यांच्या पलटणीत एक उत्तरेकडचा धिप्पाड गडी होता, त्याच्या ठोशानं माणूस दोरीवरून पलीकडं पडायचा, ही गोष्ट आम्ही जेवताना इतक्यांदा ऐकली होती की तो गडी आमच्या घरातलाच वाटायचा.

दादा भाकरी मोडत म्हणाला, "आबा, तुमचा तो गडी आज आमच्या रिंगणात आला ना, तर पहिली फेरीबी काढायचा न्हाई. तुमी लोक खांबासारखे हुभे राहायचे. आता पाय नाचवावे लागत्यात."

"नाचायचं आसंल तर तमाशात जायचं," आबा म्हणाले. "आमी मारायला जायचो."

असं चार-पाच दिवस चाललं. चहा घेताना, गुरं सोडताना, विहिरीवर, सगळीकडं तोच वाद. शेवटी एका सकाळी आबा अंगणात आले, सदरा काढला आणि म्हणाले, "तो गडी काय आता सापडत न्हाई. पर मी हाय. रविवारी खळ्यावर ये. तीन फेऱ्या."

आई चुलीपुढून उठून बाहेर आली. "डोकं फिरलंय का तुमचं? पन्नाशी उलटली!"

"म्हनूनच घाई हाय," आबा म्हणाले.

दादा आधी हसला. मग आबांचा चेहरा पाहून त्यानं विचारलं, "खरोखरचं खेळायचं का आबा?"

"लाडानं हात आखडलास तर घरात पाऊल ठिऊ नको."

आमचं गाव राहुरी आणि नेवाशाच्या मधलं. त्या साली पावसानं दगा दिला होता. ज्वारी हाती लागलीच नव्हती, त्यामुळं खळं मोकळंच पडलं होतं. दादानं चार कोपऱ्यांना वासे रोवले. विहिरीवर इंजिन आल्यापासून मोटेचे नाडे पडवीत नुसते पडून होते, ते ओढून बांधले. हातमोज्यांचे दोन जोड त्यानं नगरच्या लष्करी छावणीतल्या मित्राकडून मागून आणले. पंच म्हणून नेवाशाहून हवालदार आले. ते आबांचे पलटणीतले दोस्त, आता त्यांचं शिलाईचं दुकान होतं. मी तेव्हा गावच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. वेळ पाहायचं काम माझ्यावर आलं. शाळेचा टोल एका वाशाला टांगला आणि आबांनी स्वतःचं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं.

"तीन मिनिटं म्हंजी तीन मिनिटं," ते म्हणाले. "माजं काय बी होवो. एक क्षण आधी वाजवायचं न्हाई. समजलं?"

मी मान हलवली.

रविवारी सगळं गाव खळ्याभोवती जमलं. दुष्काळी कामावर खडी फोडून सगळे थकलेले होते. कित्येक दिवसांत गावात हसू ऐकू आलं नव्हतं. त्या दिवशी मात्र पोरं झाडावर चढली, बायका बांधावर उभ्या राहिल्या. आबा धोतराचा काचा मारून आले तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली.

मी टोल दिला.

पहिली फेरी बघवत नव्हती. दादा चवड्यांवर आबांभोवती फिरत होता आणि आबा त्याच्यामागं वळत होते. आबांचे ठोसे हवेत जात होते. दादाचे मात्र बरगडीवर, खांद्यावर, कानाशी बसत होते. लोक हसायला लागले. टोल पडल्यावर हवालदारांनी आबांच्या तोंडावर पाणी मारलं आणि कानाशी काहीतरी बोलले. आबांनी मान डोलावली.

दुसऱ्या फेरीत आबा मागं धावलेच नाहीत. खळ्याच्या मधोमध, मळणीचा तिवडा रोवतात तिथं, ते उभे राहिले. डावा हात सरळ पुढं, उजवा हनुवटीखाली. दादा फिरत राहिला. आबा नुसते बघत होते. दादा आत घुसला आणि त्याच क्षणी तो डावा हात सुटला. मला ठोसा दिसलाच नाही, फक्त आवाज आला. दादाचं डोकं मागं गेलं, नाकातून रक्ताची धार लागली.

सारं खळं ओरडलं. हसणारे तोंडावर हात ठेवून उभे राहिले. दादा पुन्हा आत आला, पुन्हा तोच हात. आबांच्या डोळ्यांत असं तेज मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीत मात्र दादा मुलगा म्हणून आलाच नाही, चॅम्पियन म्हणून आला. तो डाव्या हाताच्या खालून शिरला आणि त्याचा ठोसा पोटात असा बसला की आबा एका गुडघ्यावर आले. हवालदार मोजायला लागले. आठाला आबा उठले. त्यांनी दोरी धरली. दादानं हवालदारांकडं पाहिलं.

"इकडं काय बगतो?" आबा ओरडले. "ये!"

आई माझ्याशेजारी येऊन उभी होती. तिनं माझा दंड धरला. "वाजव गं. बास झालं. वाजव!"

मी दांडका उचलून घड्याळाकडं पाहत राहिले. काटा हळूहळू सरकत होता. आबा दोरीला टेकले होते, मार खात होते, मधूनच तो डावा हात फेकत होते, आणि पडत नव्हते. मला रडू येत होतं. पण मी थांबले. काटा पुरता फिरल्यावरच टोल दिला, आणि इतक्या जोरात दिला की दांडका मोडला.

हवालदारांनी दादाचा हात धरला, पण तो वर करायच्या आत आबांनीच तो हिसकून घेतला आणि उंच केला. धापा टाकत ते गावाला ओरडून सांगू लागले, "ह्यो आमच्या टायमालाबी चॅम्पियन झाला आसता! मी सवता बगितलं! त्या धिप्पाड गड्यालाबी ह्यानं लोळवला आसता!"

दादाला नाकातल्या रक्तानं बोलता येत नव्हतं. त्यानं आबांना कमरेत धरून सरळ उचललं. पोरं दोरीखालून आत घुसली. कुणीतरी हलगी आणली. ती वाजवत दोघांना खांद्यावर घेऊन लोक गावातून निघाले, आणि आई, जी आठवडाभर दोघांना शिव्या घालत होती, ती सगळ्यात पुढं चालत होती.

रात्री तिनं हळद उगाळून दोघांना लावली. दादा म्हणाला, "आबा, तो डावा हात मला शिकवा." मग उरलेली रजा त्या दोघांची खळ्यावरच गेली.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी बाजाराला जायची काही गरज नव्हती. तरी आबा मुद्दाम एस.टी.नं राहुरीला गेले. एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ सुजलेला. मी सोबत होते. कंडक्टरनं घाबरून विचारलं, "काका, कोणी मारलं हो?"

आबा ताठ बसले. मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माज्या पोरानं!"

आणि मग त्यांनी सबंध गाडीला पहिल्या फेरीपासून सांगायला सुरुवात केली.