काळ्या लेपाखालचं मीठ

खोर फक्कानहून फोन आला तेव्हा मी दुबईतल्या घरी ओट्यापाशी मासे साफ करत होते. वसंताच्या वर्कशॉपमधला माणूस होता. "माँजी, वसंतभाई खलास हो गये," म्हणाला. गाडीखाली काम करता करताच हृदय बंद पडलं. मी हात धुतले, मुलाला ऑफिसात कळवलं आणि उरलेले मासे साफ केले. रडू आलं नाही. राग आला... माझ्याशी न बोलता गेला म्हणून.

वसंता माझा धाकटा भाऊ. हात लगेच उठायचा. शाळेत एका पोराचे दात पाडले होते. तिकडे खोर फक्कानच्या बंदराजवळच्या वर्कशॉपात फोरमन झाला तरी तसाच. थंडीत इथले लोक समुद्रावर तंबू ठोकतात आणि हौसेने गाड्या लाटांत घालतात. खारं पाणी गाडीच्या पोटात शिरतं, चाकं धरून ठेवणारे लोखंडी आर्म खातं. वसंताचा नियम होता, त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायची, वाळवायची, तारेच्या ब्रशने घासायची आणि मगच गंज चढू नये म्हणून काळा लेप मारायचा. न धुता मारला तर मीठ आत कोंडतं आणि वरून सगळं नवं दिसतं. असा लेप मारणाऱ्या एका मेकॅनिकच्या त्याने सगळ्यांदेखत कानफटात मारली. त्याचा कान महिनाभर वाजत होता.

हे शहाणपण फुकट आलं नव्हतं. एकदा त्यानेच घाईत, न धुता लेप मारला होता. दुबईला येताना डोंगराच्या उतारावर आर्म तुटला, चाक आडवं झालं, गाडी तीनदा उलटली. त्याची बायको सुलभा जागच्या जागी गेली. लेपाचं त्याने फक्त मला सांगितलं होतं.

गेल्या थंडीत मी, मुलगा, सून आणि नात त्याच्याकडे गेलो होतो. निघायच्या सकाळी तो माझ्या मुलाच्या, अजयच्या, गाडीखाली शिरला आणि छोट्या हातोडीने ठोकत बसला.

"आवाज बद्द येतोय. लोखंड आतून खाल्लंय. गाडी हलणार नाही."

"मामा, यल्ला, निघू दे आता, दुपारी मीटिंग आहे. दर वेळी बीचवरून आलो की कोटिंग करून घेतो मी."

"आधी खालून धुतोस?"

"ते कोटिंगवाल्याला माहीत."

अजय गाडीत बसला. वसंताने हातोडी उचलली आणि पुढच्या काचेवर घातली. एकदा, दोनदा... काच आत आली. मागे बसलेली माझी नात किंचाळली, "आजी, ही इज क्रेझी!" अजयने बाहेर येऊन त्याची कॉलर धरली. वसंताने बुक्की मारली, पोराचा ओठ फाटला. आणि मी ओरडले, "बायकोला मारलंस, आता माझ्या पोरावर उठलास?"

वसंताने हातोडी टाकली. कपाळ बॉनेटवर आपटलं. तीनदा. बॉनेटला पोचा पडला, वर रक्त.

पोलिसांच्या कागदाशिवाय इथे काच बदलत नाहीत. अजयने मामाचं नाव दिलं. वसंता दोन दिवस कोठडीत होता. तिथे तो एकच सांगत राहिला, गाडी वर उचलून बघा. गॅरेजात उचलली. मेकॅनिकने आर्मवरच्या लेपात पेचकस टोचला, तो आरपार गेला. आम्ही चौघं त्या गाडीतून डोंगर उतरणार होतो.

अजयने तक्रार मागे घेतली, जाऊन पाया पडला. वसंताने त्याला चहा पाजला आणि विचारलं, "अक्का बोलली का काही?" मी काहीच बोलले नव्हते. इकडे दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये, तिसाव्या मजल्यावर, फोन शेजारी ठेवून बसून होते. मी खोटं काय बोलले, असं स्वतःला सांगत होते. खोटं नव्हतंच. म्हणून तर त्याला लागलं. असे अकरा महिने गेले.

त्याच्या सामानात ती हातोडी आली. दांडा त्याच्या मुठीत झिजलेला. मागच्या शुक्रवारी सगळे बीचवर जाऊन आले. येताना अजयने गाडी खालून धुवून घेतली. दोन दिवस सुकू दिली. मग मी नातीला घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले. ती हातोडी घेऊन सतरंजीवर आडवी झाली आणि गाडीखाली सरकली. मला वाकवत नाही, मी खांबाला टेकून ऐकत होते.

टण.

"आजी, इट्स फाइन!"

"दुसऱ्या बाजूला मार," मी म्हणाले. "आणि जोरात मार. मामाआजोबा मारायचे तसं."